तांबड्या पिल्लाचे कान

कान कापल्याशिवाय कुत्रं तिखट होत नाही, हे आमच्या अंबड तालुक्यात कुणी ठरवलं, मला माहीत नाही. ज्यानं ठरवलं त्याचे स्वतःचे कान शाबूत असणार, एवढं नक्की. ही चीड मी इतकी वर्षं गिळली. ती गिळायला नको होती.

त्या साली आमच्या वावरात एका धनगरानं खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या. त्याच्या कुत्रीला पिल्लं झाली होती. माझी पाच वर्षांची लेक रोज जाऊन त्यातल्या एका तांबड्या पिल्लाजवळ बसायची. तळ हलवताना धनगर म्हणाला, "घेऊन जा, पाटील. लेकरांच्या हातानं भाकर चारा, मंग ते लेकरांचंच होतं. कान तेवढे कापू नका."

बायको ऐकेना. धाकटा दीड वर्षाचा, नुकता अंगणभर दुडदुडायला लागलेला. "अहो, हे पोरगं दिसंल ते ओढतं. मुक्या जनावराला काय कळतंय, हात कोणाचा हाय ते?" तिचं चूक नव्हतं. आठ दिवस घरात दुसरा विषय नाही. त्यात माझा मोठा भाऊ, दादा, एकाच वाड्यात राहणारा; कुत्रं म्हटलं की आधी त्याचे कान कापायचे, हे त्याचं ठरलेलं. न दुखवलेलं कुत्रं चावत नाही, असं सांगून शेवटी मी तिला जबान दिली: पिल्लाला कोणी मारणार नाही, कोणी बांधणार नाही, कोणी कान कापणार नाही. "तुमच्या जबानीवर ठेवते," ती म्हणाली. "तुमच्या भावाच्या न्हाई."

महिनाभर सगळं बराबर चाललं. लेक तळहातावर भाकरीचा तुकडा धरायची, पिल्लू तो दात लागू न देता उचलायचं. धाकटा अंगावर पडला तर उठून दुसरीकडं जाऊन बसायचं.

मग बायको धाकट्याला घेऊन भावाच्या लग्नाला माहेरी गेली. लेक पिल्लापायी माझ्यापाशी राहिली. दुसऱ्याच दिवशी दादा वस्तरा घेऊन अंगणात आला.

"धर त्याला."

"दादा, न्हाई कापायचे असं ठरलंय."

"कोणासंगं? बायकोसंगं? मंग बांगड्या भर अन् चुलीपाशी बस. उद्या चोर आला तर हे त्याचे पाय चाटंल."

कुंपणाशी दोन माणसं उभी होती, ती फिदीफिदी हसली. त्या हसण्याला भिऊन मी, दोन लेकरांचा बाप, खाली बसलो आणि पिल्लाचे पाय धरले. दादानं दोन्ही कान अर्धे उडवले, वर हळद दाबली, आणि ते तुकडे भाकरीत घालून त्या पिल्लालाच चारले. तशी रीतच आहे म्हणे! लेक दारात उभी होती.

बायको परत आली तेव्हा मी सांगितलं, गावातल्या कुत्र्यांनी फाडले.

पण पिल्लू आता हाताला भ्यायला लागलं होतं. लेकीचा हातसुद्धा डोक्याकडं गेला की ते अंग चोरायचं. आणि एके दिवशी सकाळी धाकट्यानं त्याच्या कानाच्या खपलीलाच मूठ घातली. पिल्लानं कळवळून मान फिरवली, दात पोराच्या गालाला लागले. दोन ओरखडे, थेंबभर रक्त. आठ दिवसांत खूणही राहिली नाही. पण त्या घटकेला घरात एकच गलका. दादा काठी घेऊन धावला, "लेकरांच्या घरात कुत्रं नगंच!" कापणारा हाच, आणि तोंड वर करून हे म्हणणाराही हाच!

लेक काठीच्या मधे आली. "मोठ्या आबांनी कान कापले. आबांनी पाय धरले. त्याला दुखून राह्यलंय."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. मी म्हणालो, "खोटं बोलते. कुत्र्यापायी खोटं बोलाया शिकली." वर तिला त्या दिवशी उपाशी ठेवलं. पिल्लाला पोत्यात घालून मीच शहागडला नेलं, आणि नावेतून गोदावरीपार सोडून आलो.

लेकीनं ती गोष्ट पुन्हा काढली नाही. पुढं कितीतरी वर्षं बायको आल्यागेल्याला हसत सांगायची, आमची पोरगी लहानपणी भलती लबाड होती. मी तिथंच बसलेला असायचो. सुपारी कातरायचो.

यंदा लेक बाळाला घेऊन माहेरपणाला आली. जेवताना तिनं सांगितलं, सासरी पिल्लू आणायचं चाललंय. दादा लगेच घास थांबवून म्हणाला, "बिलकुल आणू नका. आपल्या घरात काय झाल्तं, इसरली का?" लेक खाली मान घालून भाकरी चुरत राहिली. वीस वर्षांची बाई, आणि मान तशीच, पाच वर्षांच्या पोरीसारखी.

"दादा, कान तू कापले," मी म्हणालो. "पाय मी धरले. पोरगी खरं बोलली होती. खोटा मी."

"एका कुत्र्यापायी मोठ्या भावाला ताटावर बोलतो?"

"कुत्र्यापायी न्हाई, पोरीपायी बोलतो!" आवाज एवढा चढला की बाळ दचकून रडायला लागलं. बायकोच्या हातातली भाकरी परातीतच राहिली. तव्याला धूर सुटला, तरी तिचं लक्ष नव्हतं. ती माझ्याकडं बघत होती.

लेकीनं बाळाला खांद्यावर घेतलं, थोपटून शांत केलं. मग म्हणाली, "सासरी काय सांगू, आबा? आणावं का नगं?"

"झालं ते सगळं सांग," मी म्हणालो. "माझ्या नावानिशी सांग. मंग त्यांचं त्यांना ठरवू दे."