नानांचा कोट आणि बारा वर्षांचं सर्टिफिकीट

दगडूनानांच्या कोटाची बटणं निघत नव्हती. निघणार कशी, कोट पुढून दोऱ्याने शिवून टाकलेला होता. नाना कचेरीच्या ओट्यावर उताणे पडले होते. अंग तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं, घामाचा थेंब नाही. डोळे अर्धे उघडे, पण समोरचं दिसत नव्हतं. नाडी मोजायला गेले तर मोजता येईना, इतकी पळत होती. वैशाखातली दुपार, तीही आमच्या जळगाव जिल्ह्यातली, आणि या माणसाने पहिल्या लढाईत शिपाई असताना मिळालेला लोकरी कोट घातला होता.

"कापू नका वं बाई," त्यांची बायको जमनाअक्का माझा हात ओढत होती. "बठ्ठा लोक देखी राह्यनात."

"देखू देत. मेले तरी देखतीलच."

माझ्या पिशवीत नाळ कापायची कात्री होती. तीच काढली.

मी त्या तालुक्याच्या दवाखान्यात दाई होते. तालुक्याचं नाव लिहीत नाही, तिथे माझ्या ओळखीची माणसं अजून आहेत. माझी शाळा मराठी चौथीपर्यंत. पुढचं बाळंतिणींनी शिकवलं. आता दाईचं मामलेदार कचेरीत काय काम, असं कोणी विचारेल. सांगते. पेन्शनर जिवंत आहे की नाही, हे सरकारला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं असतं. कागदावर प्रत्येकाच्या अंगावरची एखादी खूण लिहिलेली असते. पुरुषांच्या खुणा कारकून बघत. विधवा पेन्शनवाल्या बायकांच्या कोण बघणार? कोणाच्या दंडावर भाजल्याचा डाग, कोणाच्या पाठीवर तीळ. त्यासाठी मला बोलवत. आडोशाला बाईला न्यायचं, खूण बघायची, बाहेर येऊन "हीच ती" म्हणायचं. म्हणून त्या दिवशी मी तिथे होते. डॉक्टर पटकीची सुई टोचायला खेड्यांवर गेले होते. म्हणजे जे काय करायचं ते मलाच करायचं होतं.

ऊन लागलेल्या माणसाला घाम येतोय तोवर भीती कमी. घाम थांबला की समजावं, अंगाची गार व्हायची सोय बंद पडली. मग फार वेळ हातात नसतो.

कात्री गळ्यापाशी घातली आणि खाली ओढली. कोट फाटला आणि आतून कापूस बाहेर आला. पिंजलेला, पांढराशुभ्र. छातीवर दोन बोटं जाड थर, खांद्यांवर मूठमूठ. एखादी गादी उसवावी तसा माणूस उसवला. कापसाखाली नाना होते, सगळ्या बरगड्या मोजता येतील असे. तोंडावरून ओलं फडकं फिरवलं तर लाली फडक्यावर आली. गालांना तेलात कालवलेलं कुंकू चोळलं होतं. खालचा रंग राखेसारखा.

मी अक्कांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

कारण विचारायला सवड नव्हती. "आत घ्या यांना," मी म्हटलं. "साहेबांच्या खोलीत."

मामलेदारांच्या खोलीच्या दाराला वाळ्याची टट्टी होती. वाळ्याच्या मुळांचा जाड पडदा असतो, पाणक्या त्यावर दिवसभर पाणी मारतो, आणि आत येणारा वारा गार होतो. सबंध गावात तेवढी एकच गार जागा होती.

अव्वल कारकून आडवे आले. "बाई, साहेबांची खोली आहे ती. दवाखान्यात न्या."

"दवाखाना नदीपलीकडे. तिथवर प्रेत पोचेल."

"मग निदान अंगठा तरी घेऊन ठेवतो यांचा."

ते खरंच शाईची डबी घेऊन वाकले. मला तेव्हा संताप आला. आता विचार करते तर त्यात दुष्टावा नव्हता. लढाईत मेलेल्याच्या विधवेला पेन्शन मिळे, पण घरी मेलेल्या शिपायाची पेन्शन त्याच्याबरोबर जाते, मागे बायकोला काही राहत नाही. जिवंतपणी अंगठा उमटला तर निदान तेवढ्या महिन्याचे पैसे अक्कांच्या हाती पडले असते. कारकुनाला कारकुनाच्या रीतीनेच दया येते.

"अंगठा कुठे पळून जात नाही भाऊसाहेब. पाणी आणा."

रहीमचाचा रांगेतून पुढे आले. पोलिसातून रिटायर झालेले जमादार, नानांचे शेजारी. त्यांनी नानांच्या काखेत हात घातले. पाय कोण धरतंय म्हणून मी मान वर केली, तर मामलेदारसाहेब. वयाने लहान, बदलून येऊन वर्षही झालं नव्हतं. बूट न काढता त्यांनी पाय उचलले.

टट्टीच्या आत फरशीवर निजवलं. रांगेतल्या विधवांनी कचेरीचा रांजण रिकामा केला. कोणाचा विटाळ, कोणाचा तांब्या, कोणी विचारलं नाही. नेसूचं धोतर सोडून सगळं काढलं. कोणाचं तरी उपरणं भिजवून अंगावर टाकलं आणि चार बायका पदराने वारा घालायला बसवल्या. नुसतं पाणी ओतून भागत नाही, त्यावर वारा लागावा लागतो. मी काखेत, जांघेत, मानेला ओली फडकी बदलत राहिले. पाणक्याला साहेबांनी सांगितलं, "टट्टीवरचं राहू दे, यांच्यावर मार."

अक्का पायाशी बसून तळवे चोळत होत्या. "उठा ना. उठा ना ओ," एवढंच चाललं होतं. पन्नास वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला पहिल्यांदाच चारचौघांत हाक मारली असेल.

नानांना एक आचका आला. मी जिभेआड फडक्याची घडी सरकवली. मला वाटलं, गेले. माझा हात थांबला. रहीमचाचा ओरडले, "बाई, रुकना मत!"

बऱ्याच वेळाने कपाळावर ओल दिसली. पुसली. पुन्हा आली. घाम होता तो. आयुष्यात मला कोणाचा घाम पाहून इतका आनंद झाला नाही.

आणखी थोड्या वेळाने नानांनी डोळे फिरवले. समोर मामलेदार उकिडवे बसलेले. नाना उठायची धडपड करायला लागले.

"साहेब, मी धडधाकट शे. बारा वरीस सहज जगसू."

"झोपा हो," मी दरडावलं.

साहेबांनी विचारलं, "बारा वर्षं? कसली बारा वर्षं?"

अक्कांनी पदर पुढे ओढला. शेवटी रहीमचाचांनी सांगितलं.

तेव्हा दुसरी मोठी लढाई चालू होती आणि तिच्यासाठी सरकारला पैसा पाहिजे होता. पोस्टाची सर्टिफिकिटं निघाली होती. आज पैसे द्यायचे, बारा वर्षांनी दीडपट घ्यायचे. लढाई संपली की याच पैशातून रस्ते, पूल, दवाखाने होतील, असं सांगत. कुठल्या तालुक्याने किती खपवायची तो आकडा वरून ठरून येई. त्याच सुमाराला छोट्या पेन्शनींवर महागाईची थोडी वाढ मिळाली. कोणा शहाण्याने हिशेब लावला की वाढ याच लोकांच्या हातात पडते आहे, तर सर्टिफिकिटाचं टेबल पेन्शनच्या टेबलाला लागूनच मांडावं.

तीन-चार महिन्यांमागे किसन नावाचा म्हातारा पेन्शनर त्या टेबलापाशी हसला होता. "साहेब, मी कुठला बारा वर्षं जगतोय?" कारकून गमतीत म्हणाले, "तसं लिहून ठेवू का?" पुढच्या महिन्यात किसनची पेन्शन बंद झाली. ती तो मेला म्हणून बंद झाली. पण गावोगाव बोललं गेलं ते उलटं. जो बारा वर्षं टिकेल असा दिसत नाही, त्याचं नाव सरकार काटतं.

"म्हनीसन मी कापूस भरा," अक्का हळूच म्हणाल्या. "हिवायाम्हा फार वायी ग्यात ओ साहेब हाऊ."

हिवाळ्यात नाना हिवतापाने फार वाळले होते, म्हणून त्यांनी कापूस भरला. कोट पुढून उघडा पडू नये म्हणून शिवला. अशा वेषात दोन कोस चालत आणलं, आणि वाटेत पाणीही पिऊ दिलं नाही, कुंकू पुसेल म्हणून.

साहेबांनी बाजूला पडलेला फाटका कोट हातात घेऊन पाहिला. मग म्हणाले, "पण अक्का, सर्टिफिकीट तर खुशीचं आहे. नाही घेतलं तर पेन्शनला काही होत नाही."

"हे त्यांना कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"बाई, जरा जपून," कारकून म्हणाले.

"जपूनच विचारते. टेबलावर बसलेल्याला खुशीचं काय ते कळतं. टेबलासमोर उभ्या असलेल्याला कळत नाही. टेबलं दोन आहेत, हात एकच पुढे येतो."

मला वाटलं आता नोकरी गेली. साहेब उठले, बाहेर ओट्यावर गेले आणि रांगेला उद्देशून मोठ्याने म्हणाले की पेन्शन वेगळी, सर्टिफिकीट वेगळं, कोणी जगण्याची हमी द्यायची नाही. पुढच्या महिन्यापासून सर्टिफिकिटाचं टेबल पोस्टात गेलं. तालुक्याचा आकडा भरला नाही आणि साहेबांना वरून कडक कागद आला. हे कारकुनांनीच मला सांगितलं, आणि सांगताना त्यांना साहेबांचा अभिमान वाटत होता हे मला दिसलं.

नानांना मी मीठ-गूळ घातलेलं कैरीचं पन्हं चमचा-चमचा पाजलं. उन्हं उतरल्यावर रहीमचाचांनी गावातून कोणाची तरी बैलगाडी मागून आणली. अक्का मात्र ओट्यावरचा कापूस वेचत राहिल्या.

"राहू द्या ना," मी म्हटलं.

"वाती व्हतीन," त्या म्हणाल्या, आणि ओटी भरून घेतली.

मग मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, आम्हना हाऊ खरंच जगी का बारा वरीस?"

मी खोटं बोलत नाही. "माहीत नाही," म्हटलं. "पण कापूस भरून जगणार नाहीत. दूध पाजा."

या धंद्यात मी एक शिकले. गरीब माणसाला सरकारने काही द्यायचं असेल तर द्यावं, मागायचं असेल तर मागावं, पण एकाच दिवशी एकाच ओट्यावर दोन्ही करू नये. म्हातारी माणसं दोन्हींची गाठ मारतात, आणि ती सोडवायला कात्री लागते.

अक्कांची सगळी धास्ती एकच होती, नाना गेले तर आपलं कसं होणार. पुढच्या पावसाळ्यात त्याच हिवतापाने अक्का गेल्या. नाना जगले.