कव्हरकाकांचा साउंडबार

कव्हरकाकांच्या घरात वस्तू म्हाताऱ्या होत नसत, माणसं होत. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीच्या तोंडाला रबर. फ्रिजच्या दारावर ‘आजच घरी न्या’ असा दुकानातला स्टिकर अजून तसाच. फ्रिज घरी येऊन अकरा वर्षं झालेली. आणि फ्रिजसोबतच आलेला सोफा तर पहिल्या दिवसापासून जाड पारदर्शक प्लास्टिकमध्येच नांदत होता. उकाड्यात त्याच्यावर बसलेला माणूस उठताना निम्मी कातडी मागे ठेवून उठायचा.

काकांनी बत्तीस वर्षं एका कारखान्यात स्टोअरकीपरी केली. मागायला आलेल्याला वस्तू द्यायची नाही, हे त्या कामाचं मर्म त्यांना पहिल्याच आठवड्यात सापडलं होतं. निवृत्त झाले तेव्हा स्टोअरमधले पाने आणि पकडी इतक्या कोऱ्या होत्या, की नव्या साहेबांना वाटलं, कारखाना अजून सुरू व्हायचाय. सहकाऱ्यांनी निरोपाला घरगुती प्रोजेक्टर आणि साउंडबार दिला. त्यात प्रेम किती आणि सूड किती, हे काकूंना अजून ठरवता आलेलं नाही. दोन्ही खोकी आठ महिने कपाटावर, वरून चादर पांघरून.

ती चादर काकूंनी आज दुपारी ओढली.

पाच वाजता त्यांच्या तीन मैत्रिणी यायच्या होत्या. पस्तीस वर्षांपूर्वी या चौघींनी एक नाटक बसवलं होतं. प्रयोग एकच झाला, आणि त्याची व्हिडिओ कॅसेट काकूंकडे राहिली. म्हणजे काकांकडे. लावली की झिजते म्हणून त्यांनी ती तीन पिशव्यांत गुंडाळून ठेवली, आणि ती कधी लावलीच गेली नाही. गेल्या आठवड्यात काकूंनी ती गुपचूप दुकानात नेऊन पेनड्राइव्हवर उतरवून आणली. कारण होतं मैना. खरं नाव निराळं, पण आवाजामुळे सगळे तिला मैनाच म्हणत. नाटकाची नायिका तीच. गेल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढावं लागलं. आता ती वहीत लिहून बोलते. तिचा तेव्हाचा आवाज उरला होता तो या एका पेनड्राइव्हवर.

आणि साडेतीनला भिंतीवर चित्र लखलखीत होतं, आवाजाचा पत्ता नव्हता.

प्रोजेक्टरचा स्वतःचा स्पीकर होता, पण त्यातून सगळी पात्रं डब्यात कोंडलेल्या डासांसारखी बोलत होती. मग काकांनी साउंडबार ब्लूटूथवर जोडला. “वायर कशाला? खोक्यात कोरी राहील.” आवाज आला, भरगच्च आला, पण ओठांच्या मागून. मैना तोंड मिटायची, मग तिचं वाक्य यायचं.

“अर्ध्या सेकंदाचा तर फरक आहे,” काका म्हणाले.

“अर्ध्या सेकंदात नाटक पडतं. वायर काढा.”

काकांनी जड हातांनी ऑप्टिकल केबलची पिशवी उघडली. फाडली नाही, उघडली. काकूंना हात लावू न देता दोन्ही टोकं जोडली. आणि खोलीत अशी शांतता पसरली, की पंख्याची कुरकुर भाषणासारखी वाटायला लागली.

शेवटी काकूंनी दुकानातल्या मेकॅनिक मुलीला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

“काका, प्रोजेक्टरच्या सेटिंगमध्ये आवाज कुठे पाठवायचा ते विचारलेलं असतं. तिथे ऑप्टिकल निवडलंय?”

“निवडलंय.”

“साउंडबार अजून ब्लूटूथवरच असेल. त्याचं इनपुट बदललं?”

“बदललं. अहो, मी बत्तीस वर्षं स्टोअर सांभाळलंय.”

“त्याचा इथे उपयोग नाही, काका. आवाजाचा फॉरमॅट पीसीएम करा.”

“केला.” रिमोटची पिशवी चुरचुरली.

“आणि केबल बसताना टक्क असं वाजलं?”

काका थांबले. “घट्ट बसलीये.”

खोटं वाक्य कुणालाही पचवता येतं. त्याच्या आधीची जागा लपवता येत नाही. रंगमंचावर उभ्या राहिलेल्या बाईपासून तर नाहीच. काकूंनी ती जागा ऐकली.

“मी सांगतो, साउंडबारच खराब,” काका म्हणाले. “फुकटातल्या वस्तूचं असंच असतं.”

“नाचता येईना, अंगण वाकडं. सरका.”

“अगं, मागे धूळ आहे, हात नको...”

काकू साउंडबारच्या मागे वाकल्या. केबल तीन ठिकाणी चिकटपट्टीने बांधली होती, फ्रॅक्चर झाल्यासारखी.

“ही पट्टी कशाला?”

“सुटत होती सारखी.”

“का सुटत होती?”

“नवी आहे. सरावायला वेळ लागतो.”

काकूंनी पट्टी ओरबाडली. केबल आपणहून गळून पडली. तिच्या टोकाला आवाज वाहून नेणारा मंद लाल उजेड होता, आणि उजेडावर दाताएवढी एक पारदर्शक टोपी. काकूंनी तिला नखाने टोचलं.

“अहो, हे काय आहे?”

“कव्हर.”

“म्हणजे तुम्हाला दिसलं होतं?”

“दिसलं म्हणजे? कंपनीने दिलंय ते काढून टाकायला दिलं असेल का? टोक खराब होतं.”

फोनमधून मेकॅनिक मुलगी खोकल्यासारखी हसली. “काकू, दोन्ही टोकांना असेल. काढा आणि दाबा.”

आडातही होतं, पोहऱ्यातही होतं. दोरालाच गलेफ घातला होता या माणसाने. काकूंनी दोन्ही टोप्या उपटल्या. टक्क. टक्क. काकांनी मघापासून आवाज शेवटपर्यंत वाढवून ठेवला होता, तो एकदम अंगावर कोसळला. काकूंनी घाईने तो कमी केला. समोर काकांनी तळहात पुढे केला होता.

“टोप्या दे. डबीत ठेवतो.”

पाचला तिघी आल्या, सोफ्यावर बसल्या. पडदे ओढले, भिंतीवर पडदा उघडला. पस्तीस वर्षांपूर्वीची मैना पायऱ्या उतरून खाली आली, थांबली, आणि हळू आवाजात म्हणाली, “मी परत आलेय, पण...”

चर्र. कुणीतरी पाय हलवला होता.

“मी परत आलेय, पण...” काकूंनी मागे नेऊन पुन्हा लावलं. चर्र, कुर्र. तिघींनी श्वास घेतला तरी सोफा बोलत होता. त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं नव्हतं ना.

मग मैना उठली. सावकाश, गुडघा धरून. वहीत काही लिहिलं नाही. सोफ्यापुढच्या फरशीवर जाऊन बसली, मान वर करून. तिच्या मागोमाग बाकीच्या दोघी उतरल्या. तिघींचे मिळून चार गुडघे तेवढे कामाचे, आणि त्या फरशीवर बसल्या होत्या, सोफा कोरा राहावा म्हणून.

काकूंनी चित्र थांबवलं. स्वयंपाकघरातून कात्री आणली.

“अगं, काय करतेस? पाहुण्यांसमोर...”

“पाहुण्यांसाठीच करतेय.”

“निदान कापू नको. शिवणीवरून उलगड, मी धरतो.”

“धरा.”

काकूंनी आधी कापलं, मग ओढलं. सोफ्याने अकरा वर्षांची कात टाकली. खाली फिक्या निळ्या रंगाचं मखमली कापड होतं. काकूंना वाटत आलं होतं, सोफा पिवळा आहे. तिघी हात देत-घेत उठल्या आणि त्यात रुतून बसल्या. कसलाही आवाज झाला नाही.

काकूंनी पुन्हा सुरू केलं. काका बाजूला उभे होते, प्लास्टिकचा सबंध ढीग कवेत घेऊन. नीट घडी घालावी म्हणून त्यांनी एक टोक जरासं हलवलं. चर्र.

मैनेने भिंतीवरून नजर न काढता ओठांवर बोट ठेवलं.

काका थबकले. खाली ठेवलं तर वाजणार, घेऊन आत गेलं तर वाजणार, घडी घातली तर वाजणारच. भिंतीवरच्या मैनेने आपलं वाक्य पुरं केलं, “...पण राहायला नाही.” आणि सोफ्यावरच्या मैनेचे ओठ त्याच वेळी, अर्ध्या सेकंदाचाही फरक न पडता, हलले.

नाटक तीन अंकी होतं. काका दोन तास दहा मिनिटं तसेच उभे राहिले.