हॉलमधला हम आणि रत्नागिरीची किटली

अब्बा दाभोळच्या खाडीत दुसऱ्याच्या होडीवर खलाशी होते. अम्मा सुकट विकायची. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढून ठेवली की सकाळची पेज तीच रात्रीचीही. अब्बांना सही येत नव्हती. त्या घरातून मी इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी.एस्सी. झालो. परकारांच्या खानदानात पहिला. हे मी आजही सांगतो, आणि मुद्दाम सांगतो.

पुढे सौदीला खमीस मुशैतमध्ये एका मेंटेनन्स कंपनीत साउंड टेक्निशियन झालो. तेव्हा सौदायझेशन जोरात होतं. म्हणजे परदेशी माणूस काढायचा आणि त्या जागी सौदी घ्यायचा. माझा इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, संपत आला होता. हाताखाली फैसल नावाचा माझ्याच वयाचा सौदी दिला होता. त्याला काम शिकवायचं आणि आपली बॅग भरायची, हे कुणी बोललं नाही तरी सगळ्यांना ठाऊक होतं.

अशात एका ट्रेनिंग इन्स्टिट्यूटच्या हॉलमधला, माइकचा आवाज अॅम्प्लिफायरपर्यंत पोचवणारा मिक्सर जळाला. चार दिवसांवर कार्यक्रम आलेला, सौदी तरुणांना नोकरीची पत्रं द्यायचा. नवा मिक्सर जेद्दाहून यायचा, तो वेळेत पोचणार नव्हता. आमचे मॅनेजर जॉर्जसाहेब, केरळचे. त्यांनी मला बोलावलं.

"परकार, ग्रॅज्युएट हूँ, ग्रॅज्युएट हूँ, रोज सुनाता है. एक माइक का प्रीअॅम्प बनायेगा?"

"बनाऊँगा, सर."

"पहले बनाया है?"

"नहीं. लेकिन बन गया, तो इंजिनिअर की पोस्ट के लिए मुदीर से मेरी बात करेंगे?"

मुदीर म्हणजे आमचा मोठा साहेब. जॉर्जसाहेबांनी चष्मा पुसला. "पहले आवाज तो आने दे."

माइकमधून निघणारा सिग्नल फार बारीक असतो. मोठा अॅम्प्लिफायर तो थेट उचलत नाही. मध्ये प्रीअॅम्प लागतो, तो सिग्नल आधी वाढवून देतो. पण सिग्नलबरोबर कचराही तेवढाच वाढतो. सगळी मेख तिथं असते.

सुट्टीवरून येताना मी रत्नागिरीतून पार्ट्सचा डबा आणला होता. त्यातला आयसी घेतला, छोटा ट्रान्सफॉर्मर घेतला आणि सर्किट जोडलं. पहिल्यांदा नुसती शिटी वाजली. आत येणारी आणि बाहेर जाणारी वायर मी शेजारी शेजारी बांधली होती, त्यामुळे आवाज फिरून परत आत शिरत होता. वायरी एकमेकींपासून लांब केल्या. शिटी गेली. वर्कशॉपमध्ये आवाज स्वच्छ आला. मी खूश.

हॉलमध्ये नेऊन लावला, तर स्पीकरमधून घूंऽऽ. याला आमच्यात हम म्हणतात.

"सदीक, एअर बेस तिकडे आहे," फैसल म्हणाला. "विमान इथं का उतरवतोस?" सदीक म्हणजे दोस्त; तो मला तशीच हाक मारायचा.

मला हसू आलं नाही. केबल बदलली, अर्थिंग तपासलं, डबा दुसऱ्या टेबलावर ठेवला. घूंऽऽ तसाच. शेवटी सप्लाय, म्हणजे सॉकेटमधून सर्किटला वीज देणारा ट्रान्सफॉर्मरचा भाग, काढून सर्किट बॅटरीवर चालवलं. एकदम शांत. म्हणजे सर्किट ठीक, दोष सप्लायचा.

"मग बॅटरीवरच ठेव ना."

"आणि भाषणाच्या मध्येच उतरली तर?"

पण हाच सप्लाय वर्कशॉपमध्ये गप्प होता. डोकं चालेना. चहा ठेवला. किटली माझीच, रत्नागिरीची. ती तापायलाच तयार नाही.

"तुझ्या किटलीलाही नोकरी खलास म्हणून सांगितलं वाटतं," फैसल म्हणाला.

मी किटलीकडे बघत राहिलो. मग मीटर घेऊन सॉकेट मोजलं. जेमतेम एकशे पंचवीस व्होल्ट. सौदीतल्या जुन्या इमारतींत एअर कंडिशनरच्या, म्हणजे एसीच्या पॉइंटला दोनशेवीस असतं आणि बाकीच्या सॉकेटला त्याच्या निम्म्याहून थोडंसंच जास्त. खोलीवर मी किटली रोज एसीच्याच पॉइंटला लावायचो. वर्कशॉपमधलं टेबलही दोनशेवीसवरच होतं. इथं सगळ्या पिना घेणारा एक्स्टेन्शन बोर्ड होता, त्यात भारतातला प्लग बिनतक्रार बसला आणि मी विसरलो. भारतातल्या ट्रान्सफॉर्मरला जेमतेम निम्म्याएवढं व्होल्टेज मिळत होतं. व्होल्टेज एकसारखं ठेवणाऱ्या रेग्युलेटरला वरून थोडं जास्त मिळावं लागतं. ते मिळत नव्हतं, म्हणून मेन्सची थरथर थेट स्पीकरपर्यंत जात होती.

जळालेल्या मिक्सरचा ट्रान्सफॉर्मर शाबूत होता आणि तो याच सॉकेटसाठी बनवलेला. तो काढून बसवला. हम गेला. फैसलनं माइकमध्ये फुंकर मारली, मग हळूच म्हणाला, "तुझी जागा मी मागितली नव्हती, सदीक."

"माहीत आहे."

कार्यक्रमात मी मागे प्रीअॅम्पजवळ उभा होतो. नावं पुकारली जात होती, शेवटच्या रांगेपर्यंत अक्षर न् अक्षर पोचत होतं. फैसलचं नाव आलं, कंपनीचं आलं, हुद्दा आला: साउंड टेक्निशियन. माझ्याच प्रीअॅम्पमधून आलेलं मी ते ऐकलं. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

जॉर्जसाहेब बाहेर जिन्यापाशी भेटले. "मुदीर से बात की. इंजिनिअर की पोस्ट भी सौदी के लिए है. सॉरी, परकार."

फैसलला सर्किटचा नकाशा काढून समजावला, कुठं काय मोजायचं ते दाखवलं, आणि इकामा संपायच्या आत फायनल एग्झिटवर, म्हणजे कायमचं परतायच्या शिक्क्यावर, घरी आलो. येताना किटली त्यालाच दिली. एसीच्या पॉइंटलाच लावायची, हे बजावून.

यंत्र दुसऱ्या देशात नेलं तर आधी भिंतीतलं व्होल्टेज मोजावं. कॉलेजात हे शिकवलं नव्हतं.

जेद्दाचा मिक्सर पुढे आलाच नाही, असं फैसलनं नंतर फोनवर सांगितलं. मी बनवलेल्या पहिल्याच प्रीअॅम्पवर तो हॉल चालू होता, आणि त्यात हम नव्हता.