शेंदराखालचा घोडा

१९४६, माघातला शनिवार, सकाळ. स्थळ : भिसेगावातली आमची शाळा, जुन्या वस्तूंच्या संग्रहाची खोली. हजर : मुंबईच्या अंधशाळेतल्या सहा मुली, त्यांच्या बाई, आमचा शिपाई आणि खोलीची व्यवस्था पाहणारी मी.

बेत सरळ होता. मुलींनी वस्तू हातांनी पाहायच्या, मग कुंभाराकडून आणलेल्या मातीत घडवायच्या. मुख्य वस्तू होती कडावच्या शेतात सापडलेला वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या घोडेस्वाराचा कोरीव दगड. पाहुण्या येणार म्हणून आदल्या दिवशी मी त्याला तेल-शेंदराचा हात दिला होता. दर सणाला देत असू, तसाच.

एक मुलगी खालापूरकडची, बारा-तेरा वर्षांची. तिच्या बाई म्हणाल्या, "गाडीत बसल्यापासून घोडा, घोडा चाललंय हिचं."

तिनं दगड वरपासून खालपर्यंत चाचपला. "घोडा कुठं हाय?"

"पळाला गं तुझा घोडा," मागची मैत्रीण म्हणाली. सगळ्या हसल्या.

मी तिचा हात धरून नेमक्या जागी ठेवला. "हे तोंड, हे पाय. नीट बघ."

"इथं तर नुसतं गुळगुळीत हाय, बाई."

"घाई करतेस," मी म्हटलं.

ती मातीकडे वळली. मातीचा तिनं एक लांबट गोळा केला. वेळ थोडा होता, म्हणून मीच त्याला चिमटे काढून चार पाय केले. ती हात फिरवून म्हणाली, "हे मी नाय केलं." आणि पाय मोडून तिनं गोळा होता तसा केला.

मुली पाणी प्यायला बाहेर गेल्यावर मी डोळे मिटून दगडाला हात लावला. बोटांना काहीच लागेना. इतक्या वर्षांच्या शेंदरानं कोरीव काम पार बुजलं होतं. शेजारी भिंतीवर याच दगडातल्या घोडेस्वाराचं जुनं रेखाचित्र होतं. ते पाहून आम्ही डोळस लोक दगडात घोडा बघत होतो. गोळाच बरोबर होता. मला बाहेर जाऊन तिच्यासमोर उभं राहवेना.

तरी गेले. सांगितलं, "चूक माझी. वर शेंदूर आहे, घोडा खाली राहिला."

"मग काढा की. मी थांबते."

शिपाई म्हणाला, "मी नाय बा हात लावणार. देव हाय तो."

हात मीही लावला नाही. गाडीची वेळ झाली.

"काढलात की बोलवा," जाताना ती म्हणाली. मी हो म्हटलं.

शेंदूर काढायचा राहिला आहे.