लक्ष्मीआक्कांचा राब आणि आमचा शाश्वत विकास

आदरणीय लक्ष्मीआक्कांशी माझा पहिला परिचय झाला तो त्यांच्या शेतातली आग विझवताना. आज त्यांची पंचाहत्तरी आपण साजरी करत आहोत, तेव्हा कबूल करून टाकतो, की ती आग त्यांनीच लावली होती.

पुण्याच्या व्यवस्थापन महाविद्यालयात आम्ही चौघांनी ‘शाश्वत विकास आणि सामाजिक परिणाम’ हा विषय घेतला होता. जगाचे भले करायची आम्हाला भारी घाई. ‘धूरमुक्त गाव’ हे प्रकल्पाचे नाव आम्ही गाव पाहण्याआधीच ठरवले. मे महिन्यात गुंजवण्याला एसटीतून उतरलो, तो समोरच्या शेतात धूर! जवळच्या ओट्यावरचे भरलेले हंडे उचलले, ओतले आणि फोटो काढला.

घरातून आक्का बाहेर आल्या. त्यांनी शेताकडे पाहिले, मग हंड्यांकडे.

“पानी बी माजंच घेतलं व्हय?” एवढेच त्यांनी विचारले.

भाताची रोपे करण्याआधी शेण, पाला आणि गवत यांचे थर रचून जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात, हे ज्ञान आम्हाला तेव्हा झाले. आक्कांनी महिनाभर खपून रचलेल्या थरांचा आम्ही चिखल केला होता. डोंगरावर ढग जमू लागले होते.

“राब न्हाई तर रोप न्हाई. मग वरीसभर खायाचं काय?” आक्का म्हणाल्या. मला तोंड लपवावेसे वाटले.

दुसरे कोणी असते तर आम्हाला हाकलून दिले असते. आक्कांनी आधी चहा दिला आणि मग चार पाट्या. आठ दिवस आम्ही रानातून पाला आणि गोठ्यातून शेण वाहिले. आमच्यातला वित्त विषयात पहिला आलेला मित्र डोक्यावर पाटी आली की हमखास दुसऱ्याच्याच शेताकडे चालू लागे. आक्का त्याला बांधावरून हाका मारून वळवत. रागावल्या की त्या जेवायला जास्त वाढत, आणि त्या आठवड्यात आमची सगळ्यांची वजने वाढली. नवव्या दिवशी राब पेटला. धूर पाहून इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

अहवालाचे मात्र तीन तेरा वाजले. धूरमुक्त गावात आम्हीच धूर केला होता, त्यामुळे नापास होणार हे नक्की होते. आक्कांना हे कळले, आणि सादरीकरणाच्या दिवशी त्या एसटीने थेट महाविद्यालयात आल्या. परीक्षकांनी विचारले, “या मुलांचा तुमच्या गावावर काय परिणाम झाला?”

“वाटुळं केलं हुतं,” आक्का शांतपणे म्हणाल्या. “पर ह्यांच्या आदी लई जन आले. आमच्याकडं धरन बांदलं तवा आले, फारम भरले, फोटू काडले, गेले. केल्यालं निस्तराया कुनी थांबलं न्हाई. ही पोरं थांबली.”

परीक्षकांनी गुणपत्रिका पुढे ओढली. आम्ही काठावर उत्तीर्ण झालो.

आज मी एका कंपनीत शाश्वत विकासाचेच काम करतो. दर मे महिन्यात आम्ही चौघे रजा काढून आक्कांच्या राबाला जातो. आक्कांना निरोगी आयुष्य लाभो, त्यांनी शंभरी पार करावी. ह्यात आमचा स्वार्थ आहे. चूक तोंडावर सांगून, पोटभर जेवू घालून, ती निस्तरेपर्यंत बांधावर उभे राहणारे माणूस आम्हाला दुसरे मिळालेले नाही.