ब्राझीलचा कप, कोल्हापूरचा गुलाल

गाढवपणा कसा करावा हे कुणाला शिकायचं असेल तर माझ्याकडे या, चहा पाजा, सगळं सांगतो.

मी अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावात पीएचडी करतो. माझे गाइड ब्राझीलचे. तिकडे प्रत्येक राज्याची आपापली फुटबॉल लीग असते, आणि सरांच्या गावची टीम यंदा राज्याच्या फायनलला पोचलेली. सरांच्या जन्मात पहिल्यांदाच! त्यांनी मला मॅच बघायला घरी बोलावलं. म्हटलं, बेस्ट! मेमध्ये धाकट्या बहिणीचं लग्न, रजा मागायला हाच मोका.

आणि फुटबॉल मला कुणी शिकवायचा? मी कोल्हापूरचा! आमच्याकडे पेठापेठांत फुटबॉल. फायनलची शेवटची शिट्टी वाजली की गुलाल. गणपतीतला उरलेला पुडा मी खिशात घालूनच गेलो.

मध्यंतरात रजेचं काढलं. सर म्हणाले, "बघू."

टीम दोन-शून्यनं जिंकली. शिट्टी वाजली मात्र, मी "चॅम्पियन!" म्हणून ओरडलो आणि ओंजळभर गुलाल थेट सरांच्या टकलावर!

सर हलेनात. गुलाल पांढऱ्या कार्पेटवर सांडत होता.

"ही अर्धी फायनल आहे," ते पुटपुटले. "दुसरी मॅच पुढच्या रविवारी. त्यांच्या मैदानावर."

अरे, फायनल दोनदा कोण खेळतं यार? आधी सांगायचं ना!

"तू आधीच सेलिब्रेट केलंस. आता आम्ही हरणार." एवढा शिकलेला माणूस, पण अगदी रडवेला झालेला.

सोमवारी केबिनमध्ये बोलावणं आलं.

"रजा हवी होती ना? मंजूर. शुक्रवारी इंडियाला निघ."

"पण सर, लग्न मेमध्ये आहे!"

"फायनल रविवारी आहे. तू या देशात नकोस. आणि रजा वर्षातून एकदाच."

आता गाइडला नाही म्हणायची कुणाची टाप आहे? गेलो.

आईनं दार उघडलं आणि उंबऱ्यातच सुरू झाली, "लग्नाला दीड महिना हाय अजून! आत्ताच कशाला तडमडलास?"

काय सांगणार तिला, कपाळ?

आणि ती टीम जिंकली हो! मी नव्हतो म्हणून!

मेमध्ये कोल्हापुरात गोरज मुहूर्तावर बहिणीच्या डोक्यावर अक्षता पडत होत्या, आणि मी इथे सकाळी सकाळी लॅबमध्ये फोन धरून बसलो होतो. मागून सर आले, टीमचा टी-शर्ट घालून. बराच वेळ बघत राहिले. डोळेसुद्धा पुसले.

"किती सुंदर! सख्खी बहीण ना? मग तू का नाही गेलास?"

"गेलो होतो ना सर," मी म्हटलं. "तुमचा कप आणायला."