हवालदारांनी घेतलेला अमेरिकेचा तास

अमेरिकेचा इतिहास मला येत होता, अमेरिकन माणसाचं बोलणं मात्र कळत नव्हतं. आणि नेमकं हेच मी साताऱ्याच्या आमच्या कॉलेजात सगळ्यांपासून लपवून ठेवलं होतं.

सत्तरच्या दशकाची सुरुवातीची वर्षं ती. सांगलीत आमची हळदीची पेढी. ती सोडून मी मास्तरकी धरली म्हणून वडील खट्टू होते, त्यामुळे ही पहिलीच नोकरी टिकवणं मला भाग होतं. पण बी.ए.ला माझा विषय घेणारी मुलं जेमतेम अकरा. प्राचार्यांनी स्वच्छ सांगितलं, “दिवाळीनंतर मी वर्गात येऊन बघेन. मुलं शिकत असली तर विषय ठेवू, नाहीतर बंद.” विषय बंद म्हणजे मीही घरी.

पुस्तकांची बोंब होती. मुंबईच्या एका ग्रंथालयाला पत्र घालून मी अमेरिकेतल्या एका कॉलेजातल्या व्याख्यानांच्या टेपा मागवल्या. गॅदरिंगला वापरायचा भला मोठा टेपरेकॉर्डर वर्गात आणला, ऐटीत बटण दाबलं आणि मला घाम फुटला. टेपवरचा प्राध्यापक अर्धे शब्द गिळायचा, उरलेले नाकातून काढायचा. दहा वाक्यांतलं एक कळेल तर शपथ! मग मी युक्ती काढली. पाच मिनिटं टेप लावायची, थांबवायची आणि “हे म्हणतात की...” असं म्हणून आपल्याच वहीतलं ठोकून द्यायचं. मुलं बिचारी माना खाली घालून लिहून घ्यायची.

शेवटच्या बाकावर एक निवृत्त हवालदार बसायचे. पलटणीत असताना मॅट्रिक झालेले, पेन्शन घेऊन आता बी.ए. करत होते. वयानं माझ्याहून चांगले बारा-तेरा वर्षांनी मोठे. उसाला पाणी सोडून सायकलवरून थेट वर्गात यायचे. एके दिवशी टेप चालू असताना हा गृहस्थ एकटाच खो खो हसला.

मी तापलो. “हसायला काय झालं? वर्ग आहे का तमाशा?”

ते सावधान उभे राहिले. “चुकलं, सर. पर त्यो सायबच चेष्टा करतोय.”

“बाहेर व्हा!”

ते वही उचलून बाहेर गेले. तास संपल्यावर मी टेप मागं फिरवून तेवढाच तुकडा दोनदा ऐकला. तिथं टेपवरचा सगळा वर्ग हसत होता. ते हसणं मी इतके दिवस टेपची खरखर समजत होतो. माझे कान तापले.

बाहेर ते सायकलपाशी उभे होते. मी विचारलं, “तुम्हाला हे बोलणं कळतं?”

“कळतंय की. आमची पलटण कोरियात हुती, कैद्यांवर पहाऱ्याला. अमेरिकन सोल्जरांसंगं उठबस असायची. तसलं लिवाय येत न्हाई, पर ऐकलं की कळतं.”

“मग इतके दिवस बोलला का नाहीत?”

“तुमी शिकवत हुता, सर. वर्गात तुमचा पाणउतारा कसा करायचा?”

म्हणजे माझी थाप त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. आणि अशा माणसाला मी वर्गाबाहेर काढलं होतं! दुसऱ्या दिवशी मी त्यांची सगळ्यांसमोर माफी मागितली, आजवर टेपवरचं म्हणून जे सांगितलं ते माझ्या वहीतलं होतं हे कबूल केलं, आणि वही घेऊन पहिल्या बाकावर जाऊन बसलो. हवालदार टेपपाशी उभे राहिले. एक वाक्य लावायचं, थांबवायचं, मराठीत सांगायचं. अडलं तर सनावळ्या मी पुरवायच्या. असा आमचा तास सुरू झाला.

दिवाळी झाली. गुलामगिरी संपल्यानंतरचा भाग चालला होता. सुटलेले लोक जुन्या मालकांशी भागीदारीत शेती करू लागले, असं मी माझ्या वहीतून वाचून दाखवलं. पेढीवर वाढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार! हवालदार म्हणाले, “भागीदारी कसली, सर? जमीन मालकाची, बैल मालकाचं, ह्यानं नुसतं राबायचं. वाट्यानं करत्यात तसं ह्ये.”

अकरांपैकी चौघांच्या घरी वाट्याचीच शेती होती. एक जण ओरडला, “म्हंजी सुटून बी तितंच की रं, गड्या!”

“या वर्गाचे प्राध्यापक कोण?” दारातून आवाज आला. प्राचार्य कधी येऊन उभे राहिले होते, कुणास ठाऊक.

मी बाकावरून उठलो. हवालदारांनी मला सावरायला बघितलं. “मी कुठं चुकतोय का, ते सर बघत्यात.”

“नाही,” मी म्हणालो. “टेपवरचं बोलणं मला कळत नाही. ते सांगतात, मी लिहून घेतो.”

पुढं आयुष्यभर मी पुष्कळ बोललो, पण त्या दोन वाक्यांइतका अभिमान मला दुसऱ्या कशाचाच नाही. हवालदारांबद्दल मला वाटणारा अभिमान मात्र त्याहून जास्त आहे.

प्राचार्यांनी समोरच्या मुलाला विचारलं, “सुटल्यावर त्या लोकांचं काय झालं?” तो वहीत न बघता बोलत सुटला. दुसऱ्यानं त्याला मध्येच अडवलं, तिसऱ्यानं दोघांना खोडून काढलं. तिकडची जमीन, बैल, मालक, सगळं त्यांना गावातलं असल्यासारखं माहीत होतं. मला अमेरिका इतकी जवळून कधी दिसली नव्हती.

प्राचार्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या बाकापाशी आले, डोक्यावरची टोपी काढली.

“सरका जरा,” मला म्हणाले. शेजारी बसले आणि हवालदारांकडे बघून म्हणाले, “हं, लावा पुढं.”